राधेय की कौंतेय? : दत्तकत्व, भावनिक सुरक्षितता आणि प्रौढ वयातील प्रेम

प्रस्तावना

महाभारतातील कर्णाला मराठी वाचकाची सहानुभूती विशेष लाभली आहे. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७), शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' या कृतींनी त्याचा निरनिराळ्या अंगांनी शोध घेतला. तथापि कर्णविषयक चर्चेचा भर बहुधा कुंतीने केलेल्या त्यागावर व हुकलेल्या राजपदावर राहतो. ज्या घराने त्याला वाढविले, त्या घराचा विचार दुय्यम ठरतो. दत्तक अपत्याच्या प्रौढ वयातील भावनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने या कथेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घराने दिलेली सुरक्षितता

जॉन बोल्बी या मानसशास्त्रज्ञाने १९६९ पासून तीन खंडांत मांडलेल्या अनुबंधाच्या सिद्धान्तानुसार, बालकाला सातत्याने जपणारी व्यक्ती लाभणे ही त्याच्या भावनिक सुरक्षिततेची पायाभूत अट होय. ती व्यक्ती जन्मदात्रीच असली पाहिजे असे नाही. सिंडी हझान व फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हाच विचार प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावून दाखविला.

या कसोटीवर उद्योगपर्वातील कृष्ण-कर्ण संवाद तपासण्याजोगा आहे. 'कानीन' पुत्र हा मातेच्या विवाहित पतीचाच पुत्र ठरतो, या शास्त्राधारे कृष्ण कर्णाला पांडवांचे ज्येष्ठत्व देऊ करतो. कर्ण शास्त्र नाकारीत नाही, परंतु त्याचे उत्तर संगोपनाच्या तपशिलांतून येते. त्याला पाहताच राधेला फुटलेला पान्हा, तिने काढलेले त्याचे मलमूत्र, अधिरथाने केलेले जातकर्म व नामकरण, पुढे लावून दिलेले विवाह आणि त्यांतून झालेले पुत्र-पौत्र यांचा तो उल्लेख करतो. बालपणी मिळालेल्या मायेपासून स्वतःच्या संसारापर्यंतचा हा धागा तो अखंड मानतो. पृथ्वीचे राज्यही त्याला तो तोडण्यास पुरेसे वाटत नाही. पुढे नदीकाठी कुंती भेटते तेव्हाही तो राधा व अधिरथ यांचा पुत्र म्हणूनच तिला अभिवादन करतो. आपल्या जन्माचे सत्य त्याला तोवर कळलेले असते, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

समाजाने नाकारलेली सुरक्षितता

मग कर्णाच्या आयुष्यातील कडवटपणा कोठून आला? आदिपर्वातील रंगभूमीचा प्रसंग याचे उत्तर देतो. नुकताच अंगदेशाचा राजा झालेला कर्ण घामाघूम अधिरथाला पाहताच धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्यापुढे नमवितो. पुत्राला पित्याची लाज वाटत नाही. भीम मात्र तेच नाते पाहून त्याची अवहेलना करतो. प्रेक्षकांत बसलेली कुंती त्याला ओळखते, पण मौन पाळते. त्याच सभेत दुर्योधन राज्य देतो आणि मोबदल्यात अखंड सख्य मागतो. घरातील प्रेम विनाअट होते. बाहेर मिळालेले पहिले प्रेम ऋणाच्या रूपात आले व ते ऋण कर्णाने मरेपर्यंत फेडले. द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने काढलेले हीन उद्गार क्षम्य ठरत नाहीत, परंतु सभेत अपमानित झालेला मनुष्य सभेतच दुसऱ्याला अपमानित करतो, हा त्यातील क्रम दुर्लक्षिता येत नाही.

मराठी कादंबरीतील एक उणीव

या दृष्टीने 'मृत्युंजय'ची रचना विचार करायला लावते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व कृष्ण हे तिचे निवेदक आहेत. त्यागणाऱ्या मातेला मनोगत लाभले, वाढविणाऱ्या मातेला ते लाभले नाही. शोण व वृषाली यांच्यामुळे सूतगृहाचा आवाज ऐकू येतो, हे खरे. तरीही मातृत्वाची व्यथा कुंतीकडेच राहते आणि राधेचे मातृत्व गृहीत धरले जाते. देसाईंनी शीर्षकातच राधेचे नाव ठेवले, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

समारोप

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार दत्तकविधानाच्या दिवसापासून मूल सर्व प्रयोजनांसाठी दत्तक कुटुंबाचे होते. समाजाची मान्यता मात्र अशी एका दिवसात मिळत नाही. 'खरे आईवडील कोण?' हा प्रश्न आजही सहज विचारला जातो आणि त्यात वाढविणाऱ्यांचे नाते खोटे ठरविले जाते. कर्णकथेवरून असे म्हणता येईल की, प्रौढ वयात प्रेम करण्याचे व प्रेमावर विश्वास ठेवण्याचे बळ वाढविणारे घर देऊ शकते. ते बळ खच्ची होते ते दत्तकत्वामुळे नव्हे, तर इतरांनी पाळलेल्या मौनामुळे आणि केलेल्या अवहेलनेमुळे. कुंतीने आपले मौन सोडले ते युद्ध संपल्यावर, मृतांना तिलांजली देताना. तेव्हा ते सत्य युधिष्ठिराला शोक देऊ शकले, कर्णाला भाऊ देऊ शकले नाही.