उरलेल्या एकोणीस जणांचे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तरुणांसाठी सभागृहात एक चित्रपट दाखविला. निवड माझीच होती. 'द पर्सूट ऑफ हॅपीनेस' हा २००६ साली आलेला अमेरिकन चित्रपट. नोकरी नाही, घर नाही, पदरात लहान मूल, अशा अवस्थेतील एक बाप कामाचे प्रशिक्षण घेऊन पुन्हा उभा राहतो, ही त्याची कथा. जिद्द असली की मार्ग निघतो हे आमच्या मुलांनी पाहावे, एवढाच माझा हेतू होता. चित्रपट संपला, टाळ्या झाल्या आणि मागच्या रांगेतून एका तरुण आईने विचारले, "फादर, उरलेल्या एकोणीस जणांचे काय झाले?"

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मला चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला लावले आणि ज्या आत्मकथनावर तो बेतला आहे तेही वाचायला लावले. प्रस्तुत टिपण त्यातूनच सुचले.

कथेतील काळ १९८१ चा आणि गाव सॅन फ्रान्सिस्को. ख्रिस गार्डनर हाडांची घनता मोजणारी यंत्रे खांद्याला अडकवून दवाखान्यादवाखान्यांतून विकत फिरतो. विक्री होत नाही, भाडे थकते, पत्नी सोडून जाते. पाच वर्षांचा मुलगा बापाजवळ राहतो. अशा वेळी एका मोठ्या शेअरदलाली पेढीत ख्रिसला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश मिळतो. त्यात वेतन नाही. उमेदवार वीस आणि शेवटी नोकरी एकालाच.

दिग्दर्शक गाब्रिएले मुच्चिनो यांनी हा संघर्ष बारकाईने रंगविला आहे. इतरांना संध्याकाळी उशिरापर्यंत बसता येते. ख्रिसला मुलाला घेऊन निवाऱ्याच्या रांगेत वेळेवर पोहोचायचे असते. म्हणून दोन फोनांच्या मध्ये तो रिसीव्हर खाली ठेवत नाही आणि वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. दारिद्र्य माणसाची मिनिटे कशी खाते, हे इतक्या साधेपणाने क्वचितच दाखविले गेले असेल. रेल्वेस्थानकाच्या स्वच्छतागृहातील प्रसंग तर विसरता येत नाही. डायनोसॉरपासून लपायची ही गुहा आहे, असे सांगून बाप मुलाला झोपवितो. रात्री कुणीतरी दार ठोठावू लागते. बाप पायाने दार दाबून धरतो, हाताने मुलाचे कान झाकतो आणि आवाज न करता रडतो. विल स्मिथ आणि त्याचा खराखुरा मुलगा जेडन यांचा अभिनय येथे अभिनय वाटतच नाही.

मग उणीव कोठे आहे? चित्रपटाने प्रशिक्षणाची शर्यत केली आहे. एक जिंकतो, आपले डोळे भरून येतात आणि बाकीचे पडद्याबाहेर निघून जातात. त्यांच्यातही कुणाच्या घरी तान्हे मूल असेल, ही शंका कॅमेऱ्याला शिवत नाही. नायक भाडे न देता टॅक्सीतून पळतो. त्या टॅक्सीवाल्याचा दिवस कसा गेला, हे आपणही विचारीत नाही. नायकाच्या विजयासाठी प्रेक्षकाची सहानुभूती अरुंद करावी लागावी, हा कलाकृतीचा दोषच म्हणावा लागेल.

आत्मकथन वाचले की हा दोष अधिक स्पष्ट होतो. प्रत्यक्षात गार्डनर यांना प्रशिक्षणकाळात दरमहा सुमारे १,००० डॉलर विद्यावेतन मिळत होते; घर घेण्यास ते अपुरे होते, पण होते. मुलगा पाच वर्षांचा नव्हता, अजून अंगावरचे लंगोटही न सुटलेले ते बाळ होते. त्यांनी ज्या निवाऱ्यात आसरा मागितला तो बेघर स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठी होता. ग्लाइड मेमोरियल चर्चचे रेव्हरंड सेसिल विल्यम्स यांनी नियम बाजूला ठेवून या बापलेकांना आत घेतले. २०२४ साली निवर्तलेले हे विल्यम्स चित्रपटात स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. मात्र त्यांनी मोडलेला तो नियम दिसत नाही. जिद्द गार्डनर यांचीच होती, यात संशय नाही. ती टिकायला मात्र विद्यावेतन, रात्रीचा बिछाना आणि दिवसा मूल सांभाळणारे कुणीतरी लागले.

चित्रपटाचे नावच पाहा. पाळणाघराच्या भिंतीवर इंग्रजीतला 'आनंद' हा शब्द एका अक्षराने चुकीचा लिहिलेला असतो. बापाला ती चूक खटकते. ते चुकीचे अक्षर थेट शीर्षकात जाऊन बसले. ज्या पाळणाघराच्या जोरावर बाप रोज प्रशिक्षणाला जाऊ शकला, ते मात्र कथेच्या कडेलाच राहिले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या आईविषयी आता लिहिले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासाठी तिच्या अर्जावर मीच शिफारस लिहिली होती. निम्मे शुल्क धर्मग्रामाने भरले होते. तिसऱ्या महिन्यात तिने जाणे सोडले. "चिकाटी कमी पडली," असे मी तेव्हा मनाशी म्हटले आणि तो विषय तेथेच मिटविला. चित्रपटानंतर प्रथमच तिला कारण विचारले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि दीड वर्षाच्या बाळाला सकाळी कुणाजवळ ठेवावे, हा प्रश्न सुटला नाही. एवढेच घडले होते. मी तिला अर्ज दिला होता, चार तास दिले नव्हते.

चित्रपट अवश्य पाहावा, कुटुंबासह पाहावा. तो माणसाला उभारी देतो, हे खोटे नाही. पण पाहताना एकाच्या अश्रूंबरोबर एकोणीस जणांची मोजदादही ठेवावी.

जाताना ती आणखी एक वाक्य बोलली: "फादर, हे सभागृह रोज सकाळी नऊपासून एकपर्यंत बंदच असते ना?" धर्मग्राम मंडळाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय मी तोच घातला आहे.