विषमतेची घडण आणि ‘चोरली’ हे क्रियापद

सामाजिक विषमता ही एक स्थिती आहे असे मानून तिचे वर्णन करणे निराळे, आणि ज्या नित्याच्या व्यवहारांतून ती पुनःपुन्हा घडते ते व्यवहार उकलून दाखविणे निराळे. समाजशास्त्र दुसरे काम आपले मानते. ललित वाङ्मयाकडून मात्र मराठी समीक्षेने बहुधा पहिल्याचीच अपेक्षा धरली. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाची थोरवी ‘वेदना’ आणि ‘विद्रोह’ या दोन शब्दांत सांगण्याची रीत पडली. त्या रीतीने शीर्षककथेतील समाजज्ञान झाकोळून गेले आहे.

कथेचा नायक गुजरातेत उधना येथे रेल्वेच्या नोकरीवर येतो. तेथे गावकी नाही, बलुते नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही. कामावर तो इतरांसारखाच एक कामगार. अस्पृश्यता तर राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० सालीच रद्द ठरलेली. अशा ठिकाणी जात आपोआप विरावी, असा आधुनिकतेविषयीचा विश्वास सांगतो. पण राहावयास खोली हवी म्हणताच जातीची विचारणा होते. वेतन रेल्वे देते. निवारा मात्र घरमालकाच्या मर्जीवर. या दोहोंमधील फटीतच जात नव्याने जन्म घेते. ती गावाहून आलेली जुनी अडगळ नव्हे. नव्या शहराने आपल्या गरजेने घडविलेली वस्तू आहे.

येथे शीर्षकातील क्रियापदाकडे लक्ष द्यावयास हवे. जेरी पिंटो यांच्या २०१८ च्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘व्हेन आय हिड माय कास्ट’ असे आहे. लपविणे हा अर्थ मुळात आहेच. ‘अंग चोरणे’ या प्रयोगातील संकोचही त्यात आहे. परंतु इंग्रजीत चोरीचा आरोप उरत नाही. स्वतःचीच जात न सांगणारा चोर कसा ठरतो? ती जाणून घेण्याचा हक्क दुसऱ्याचा आहे, असे समाजाने गृहीत धरले तरच. एका क्रियापदात विषमतेचा सारा मालकीहक्क उघडा पडतो.

कथेच्या अखेरीस नायक आपल्याला झालेल्या मारहाणीचा दोष मारणाऱ्यांना न देता मनूला देतो. हा शेवट पुष्कळांनी वाखाणला आहे. पण कथेची मर्यादाही येथेच दिसते. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकातच जातींच्या ‘यंत्रणे’चा उल्लेख होता. जात मनूने निर्माण केली नाही, ती त्याच्या आधीपासून होती, त्याने तिचे नियम ग्रथित केले, असे त्यांचे प्रतिपादन होते. जातीचे मूळ त्यांनी जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधले. १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा तो ग्रंथ त्या बंधनांचे प्रतीक होता. सर्व कारणांचे कारण नव्हता.

नायकाच्या उद्गारात हा भेद पुसला जातो आणि वर्तमानातील कर्ते प्राचीनाच्या आड सुटून जातात. कथा मात्र त्यांना सोडत नाही: घरमालक, त्याचे दार आणि ती विचारणा तिने आपल्यापुढे उभी केलेली असतेच. बागुलांची कथा तिच्या नायकाहून अधिक जाणते. ते जाणतेपण वेदनेच्या गौरवात विरू न देणे, हे समीक्षेचे कर्तव्य आहे.