परवच्याचे परीक्षण

परवचा हा ग्रंथ नव्हे. त्याला कर्ता नाही, प्रकाशक नाही, आवृत्त्या नाहीत. तथापि महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्यांनी कोणत्याही छापील पुस्तकाच्या आधी जो ग्रंथ आत्मसात केला तो कोणता, असे कोणी विचारले तर परवच्याचेच नाव घ्यावे लागेल. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलांनी ओळीने बसावे आणि पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे, साठ संवत्सरांची नावे व शेवटी श्लोक आणि आर्या मोठ्याने म्हणाव्या, ह्या नित्यक्रमाला परवचा म्हणत. ज्यांनी त्याची स्तुती केली त्यांनी ती संस्काराच्या नावाने केली. ज्यांनी निंदा केली त्यांनी ती घोकंपट्टीच्या नावाने केली. परंतु ह्या संग्रहात काय आहे, त्यातील कोणता भाग चांगला व कोणता टाकाऊ, हे उघडून पाहण्याची तसदी दोन्ही पक्षांनी फारशी घेतलेली दिसत नाही. एखाद्या काव्यसंग्रहाचे परीक्षण करावे तसे ते येथे करण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ पाढ्यांपासूनच करू. साध्या पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची सेना येत असे. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, हे आज पुष्कळ घरांत सांगावे लागेल. ही सेना कोणा क्रूर पंतोजीने मुलांच्या छळासाठी उभारली नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे अदपाव, पावशेर व अच्छेर असा व्यवहार होता. सारा बाजार अर्ध्याने आणि पावाने चाले. ज्याला सव्वा आणि दीड जिभेवर नाहीत तो दुकानात फसणारच. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि औटकीचे काम संपले. ती मुलांच्या आळसाने मेली नाही, नाण्याबरोबर मेली. तिच्यासाठी आजही उसासे टाकणाऱ्यांनी ती कोणत्या हिशेबाला लावणार हे आधी सांगावे.

साध्या पाढ्यांची गोष्ट निराळी. त्यांतील भाषेकडे आमच्या वैयाकरणांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. पाढ्यांत दोन नसतात, बे असतात. तीन, चार, दहा यांच्या जागी त्रिक, चोक, दाहे येतात. शतकानुशतकांच्या उच्चाराने घासून गुळगुळीत झालेले हे शब्द आहेत, आणि त्यांच्या आखूडपणावरच पाढ्याचा ठेका उभा आहे. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या शेजारी ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा मोठा गहजब झाला. नव्या रीतीत मुलांची सोय होती हे आम्हांस मान्य आहे. मराठीत शंभरापर्यंतचे जवळजवळ प्रत्येक संख्यानाम स्वतंत्रपणे पाठ करावे लागते, आणि त्यात एकक आधी व दशक मागून येतो. परंतु त्या वादात कोणी ताल धरून नवा पाढा म्हणून पाहिला असता तर अडचण कोठे आहे ते कानालाच कळले असते.

नावांच्या याद्यांविषयी थोडक्यात सांगतो. मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे शेतकऱ्याला पाठ करावी लागत नाहीत, कारण त्याचा पाऊसच त्या नावांनी येतो. शहरातील मुलाला ती केवळ नादाची माळ होती, तरी ती माळ निदान आकाशाकडे बोट दाखवी. साठ संवत्सरांविषयी मात्र आम्हांस काहीही ममता नाही. ती पंचांगाच्या पहिल्या पानावर सुखाने नांदोत.

आता ह्या संग्रहाचा वाङ्मयीन भाग. परशुराम बल्लाळ गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली निघाले आणि जुन्या कवितेतील वेचे शाळांत व घरांत पोहोचले. पण परवच्यात कायमचे स्थान मिळाले ते मुख्यत्वे दोघांना, रामदासांना आणि मोरोपंतांना. दोघांच्या रचनेची स्मरणाच्या कसोटीवर तुलना केली तर फरक लगेच दिसतो. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत आणि सारे भुजंगप्रयातात. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. बारा अक्षरांत चरण पुरा. टाळी वाजवता येणाऱ्या मुलाला हे वृत्त शिकवावे लागत नाही. शिवाय पुष्कळ श्लोकांचा चौथा चरण एकच आहे. म्हणजे अशा श्लोकात नवे चरण तीनच राहतात आणि चौथ्यावर जिभेला विसावा मिळतो. वाणी लोकांच्या तोंडी राहावी हा हेतू धरून लिहिणाऱ्या रचनाकाराचे हे कौशल्य आहे, आणि त्याला ‘नुसते पद्य’ म्हणून नाक मुरडणाऱ्या टीकाकारांशी आमचे जमणार नाही. त्यात दोषही आहे. सुरुवात सारखी, शेवट सारखा, त्यामुळे म्हणणारा एका श्लोकातून घसरतो तो थेट दहा श्लोक पलीकडे जाऊन पडतो, आणि बहुधा त्याचे त्याला कळतही नाही!

मोरोपंतांची आर्या मात्रांवर चालते. अक्षरांची संख्या ओळीगणिक बदलते, लांबलचक समास येतात, यमक दुरून झेप घेऊन बसते. प्रौढ कानाला ह्यात जो आनंद आहे तो आम्ही कमी लेखीत नाही. पण आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी आर्या दिली की यमक तेवढे टिकते आणि मधला समास वाटेल तेथे फुटतो. ‘अर्थ न कळता पाठ करणे’ हा परवच्यावरील मुख्य आरोप. तो मोरोपंतांपुरता खरा आहे, रामदासांपुरता पुष्कळसा खोटा आहे. रामदासांचे शब्द मुलाला कळतात. अनुभव नसल्यामुळे त्यांचे वजन कळत नाही, एवढेच; आणि ते वजन चाळिशीत कळावे म्हणून तर शब्द आठव्या वर्षी घरात आणून ठेवावयाचे असतात.

हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्याने निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ केल्या आणि बायरनच्या ‘डॉन जुआन’मधील कडवीही पाठ केली. कवितेला लागलेले श्रम निरर्थक माळेच्या सुमारे एक दशांश भरले. अर्थ, लय आणि यमक हे कवितेचे अलंकार म्हणून आपण शिकवतो. स्मरणाच्या हिशेबात ते दहापैकी नऊ हिश्शांचे ओझे वाहणारे हमाल ठरतात. पाठांतर एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांवर वाटून घेतल्याने कमी श्रमांत होते, हेही त्याने दाखवून दिले. परवचा रोज होता, थोडा होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

आणखी एक भेद आमच्या सुधारकांनी पाहिला नाही. पुस्तकावर डोळे ठेवून तेच तेच पुटपुटणे म्हणजे घोकणे. पुस्तक मिटून, वडीलधाऱ्या माणसासमोर, अडखळत का होईना, आठवून सांगणे म्हणजे परवचा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके ह्या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन रीती ताडून पाहिल्या. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहून काढणारे पुढे गेले. दोन्ही क्रियांना ‘घोकंपट्टी’ हे एकच नाव देऊन आपण त्या एकदमच टाकून दिल्या.

परवच्याचा खरा मोठा दोष दुसराच आहे. हा संग्रह ज्यांच्या घरी अक्षर होते त्यांचा, आणि तेथेही मुलग्यांचा. त्याच घरातील मुली ऐकून शिकल्या ते वेगळे. ज्यांना त्यात जागा नव्हती त्यांनी स्मरणाची स्वतंत्र विद्या जात्यावर चालविली होती. वैदिक परंपरेत पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून शब्द उलटसुलट गुंफले गेले, ते एक स्वरही बदलू नये म्हणून. जात्यावरच्या ओवीला असली भीती नाही. तिची अक्षरे सैल, चौकट घट्ट. म्हणणारी भावाच्या जागी लेकीचे नाव घालते आणि ओवी तिची होते. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखावर आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांसारख्या घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली ग्रंथरूपाने आली. ‘निरक्षर असूनही एवढी प्रतिभा’ असे कौतुक करण्याची रीत आहे. आम्हांस ते ‘असूनही’ खटकते. कागद हाताशी नाही म्हणून प्रत्येक ओळ कामाच्या रगाड्यात टिकेल अशीच घडवावी लागली. त्या गाण्यांचा बांधा इतका नेटका आहे त्याचे निदान एक कारण हेच असावे.

हा सारा प्रपंच जुन्याच्या मोहाने चालविला आहे असे कोणी समजू नये. आज क्रमांक, तारखा, पत्ते सारे खिशातील यंत्रात असते, आणि तेथेच ते असावे. पण कवितेचे तसे नाही. महाविद्यालयात मर्ढेकरांवर तास दीड तास उत्तम बोलणारे विद्यार्थी आम्ही पाहतो. त्यांच्यापाशी प्रतिमांची यादी असते, समीक्षकांची मते असतात, मर्ढेकरांची एक ओळ मात्र नसते. ‘पाहून सांगतो’ म्हणतात. मर्ढेकरांनी आपली अत्यंत नवी, कडवट संवेदना अभंगाच्या आणि ओवीच्या जुन्या बांधणीत का ओतली, हा प्रश्न पाहून सुटणारा नाही. ती बांधणी ज्याच्या कानात आधीपासून आहे त्यालाच तिच्यातील नवे शब्द टोचतात. ज्याच्या कानात ती नाही त्याला ते फक्त अवघड वाटतात.

तेव्हा ह्या संग्रहाची नवी आवृत्ती काढावयाची झाली तर औटकी आणि संवत्सरे गाळावी. तिसापर्यंतचे पाढे ठेवावे. घरातील दोन माणसांचे दहा आकडी दूरध्वनी क्रमांक आणि आजीच्या औषधांची नावे घालावी, कारण यंत्र हरवते ते नेमके गरजेच्या दिवशी. मनाचे श्लोक वीस पंचवीस पुरेत. बहिणाबाई आणि मर्ढेकर ह्यांना शेजारी शेजारी बसवावे; दोघांनाही एकमेकांची अडचण होणार नाही. मोरोपंतांच्या आर्या मात्र आम्ही मुलांकडून काढून घेऊन त्यांच्या आईबापांच्या स्वाधीन करू, आणि त्यांनी त्या रोज दिवेलागणीला, पुस्तक मिटून, मुलांसमोर म्हणून दाखवाव्या.