हानोईचे तंत्रविद्यापीठ : स्वभाषा, राज्ययोजना आणि स्वायत्तता – एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

आपल्याकडील उच्च तंत्रशिक्षणाच्या चर्चेत अमेरिका, जर्मनी वा जपान यांचे दाखले सर्रास दिले जातात. व्हिएतनामचा उल्लेख येतो तो मुख्यतः युद्धाच्या संदर्भात. वस्तुतः अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण स्वभाषेतून देणारी एक मोठी संस्था त्या देशाने १९५६ पासून चालवून दाखविली आहे. प्रस्तुत लेखात हानोई येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या (स्थानिक नाव 'बाख खोआ', म्हणजे शब्दशः 'शंभर शाखा') वाटचालीचा आढावा घेऊन तिच्या यशाचे व मर्यादांचे मूल्यमापन केले आहे. केवळ शिक्षणाचे माध्यम बदलल्याने हे यश मिळाले नाही, तर माध्यमाभोवती उभ्या केलेल्या संपूर्ण व्यवस्थेमुळे मिळाले, असे प्रस्तुत लेखिकेचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रेंच राजवटीत १९०६ मध्ये हानोईत इंडोचायना विद्यापीठ स्थापन झाले. तेथील तंत्रशिक्षणाचा रोख बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे कर्मचारी पुरविण्यावर होता. १८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतूही याहून वेगळा नव्हता. वसाहतींमधील तंत्रशिक्षणाची ही समान जातकुळी ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९५४ च्या जिनिव्हा करारानंतर उत्तर व्हिएतनामच्या शासनाने ६ मार्च १९५६ रोजी तंत्रविद्यापीठाची स्थापना केली. जुन्या इंडोचायना विद्यार्थी वसतिगृहाच्या आवारात, ४ संयुक्त विभाग व १४ विषयशाखा घेऊन, ८४८ विद्यार्थ्यांसह अध्यापनास आरंभ झाला. पहिले संचालक त्रान दाई न्गिआ हे फ्रान्समध्ये शिकलेले अभियंते होते. १९४६ मध्ये मायदेशी परतून त्यांनी जंगलातील कार्यशाळांत शस्त्रनिर्मिती केली होती. त्यांच्यानंतरचे संचालक ता क्वांग ब्यू हे गणितज्ञ होते. जिनिव्हा करारावर व्हिएतनामच्या वतीने स्वाक्षरी करणारेही तेच. पुढे १९६५ ते १९७६ या काळात ते उच्चशिक्षणमंत्री होते.

स्वभाषेचा प्रश्न

या संस्थेचे अध्यापन व्हिएतनामी भाषेतून झाले, आणि त्याची पूर्वतयारी संस्थेच्या जन्माआधीच झालेली होती. होआंग सुआन हान यांनी १९४२ मध्ये गणित, भौतिकी, रसायन इत्यादी विषयांचा वैज्ञानिक परिभाषाकोश प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये अल्पकाळ शिक्षणमंत्री असताना त्यांनी माध्यमिक शिक्षण व्हिएतनामीतून देण्याचा अभ्यासक्रम आखला. म्हणजे परिभाषा आधी, शाळा त्यानंतर आणि विद्यापीठ शेवटी असा हा क्रम होता. पदवीधरास नोकरी देणारे कारखाने व खाती यांचाही व्यवहार त्याच भाषेत चालत असल्याने शिक्षण आणि उपजीविका यांच्यात भाषेची भिंत उभी राहिली नाही.

मात्र या यशाची एक बाजू झाकली जाते. संस्थेच्या इमारती व प्रयोगशाळा सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिल्या आणि अनेक अध्यापक सोव्हिएत संघात जाऊन शिकून आले. परिणामी वर्गाची भाषा व्हिएतनामी, तर उच्च अध्ययनाची भाषा मुख्यतः रशियन अशी विभागणी झाली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेलाही युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्य लाभले, परंतु तिचे माध्यम इंग्रजीच राहिले. साहाय्याचा स्रोत एक असूनही भाषेचे निर्णय भिन्न झाले. यावरून हा निर्णय साहाय्य देणाऱ्याच्या हाती नसून घेणाऱ्याच्या इच्छाशक्तीवर अवलंबून असतो, असे दिसते.

योजनेचे बळ आणि बंधन

१९६५ पासून अमेरिकन बॉम्बवर्षावामुळे संस्थेचे लांग सोन प्रांतात स्थलांतर झाले. त्याच धामधुमीत, १९६६ मध्ये, तिच्या शाखांमधून बांधकाम, खाण व भूशास्त्र आणि लष्करी तंत्रविद्या यांच्या स्वतंत्र संस्था निर्माण झाल्या. या घटनेकडे विस्तार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते तो विस्तार होता तसे विघटनही होते. सोव्हिएत नमुन्यानुसार प्रत्येक उद्योगासाठी वेगळी संस्था झाली. योजनेला लागणारे तज्ज्ञ मिळाले, पण 'शंभर शाखां'ची परस्परांशी असलेली जवळीक उणावली. संशोधनाच्या बाबतीतही हेच घडले. १९७५ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संस्था वेगळी स्थापन झाली आणि तिचे पहिले प्रमुख झाले ते त्रान दाई न्गिआच. अध्यापन एकीकडे व संशोधन दुसरीकडे, ही त्या प्रतिमानाची सर्वांत मोठी उणीव होय.

स्वायत्ततेचे नवे पर्व

१९८६ च्या 'दोइ मोइ' धोरणाने बाजारव्यवस्थेस वाट मिळाली आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघच लयास गेला. पदवीधराला नोकरीची हमी देणारी योजना मागे पडली. २०१६ मध्ये संस्थेस प्रायोगिक स्वायत्तता मिळाली, तर डिसेंबर २०२२ मध्ये अनेक घटक प्रशाला असलेल्या व्यापक विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. विखुरलेल्या शाखा पुन्हा जोडण्याची आणि संशोधन अंगणात आणण्याची ही संधी निश्चितच स्वागतार्ह आहे.

परंतु स्वायत्ततेबरोबर शुल्कावरील अवलंबित्व वाढले. इंग्रजीतून शिकविले जाणारे अभ्यासक्रम सुरू झाले असून त्यांचे शुल्क सामान्य अभ्यासक्रमांहून अधिक आहे. ज्या संस्थेने भाषेची भिंत पाडली, तिच्याच आवारात भाषा ही आर्थिक ऐपतीची खूण बनण्याचा धोका त्यामुळे संभवतो. आंतरराष्ट्रीय संपर्कासाठी इंग्रजी हवी, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो स्वभाषेतील अभ्यासक्रम दुय्यम ठरू नयेत याचा.

निष्कर्ष

१. हानोईच्या विद्यापीठाचे यश परिभाषा, शालेय शिक्षण, विद्यापीठ व रोजगार या चार कड्यांच्या साखळीवर उभे होते.

२. योजनेने संस्थेला प्रयोजन दिले, पण शाखांचे तुकडे पाडून संशोधनाची हानीही केली.

३. स्वायत्तता ही त्या हानीवरील उपाययोजना ठरू शकते. तथापि शुल्काधारित इंग्रजी अभ्यासक्रमांनी मूळ समतेचे उद्दिष्ट झाकोळता कामा नये.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मान्यता दिली. महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे, परिभाषाकोशही आहेत; म्हणजे पहिली कडी आपल्यापाशी आहे. परंतु मराठीतून शिकलेल्या अभियंत्याला नोकरीच्या मुलाखतीत, निविदेत आणि कारखान्याच्या दैनंदिन व्यवहारात मराठी कितपत उपयोगी पडणार, याचे उत्तर दिल्यावाचून केवळ पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरावर विसंबणे म्हणजे साखळीची शेवटची कडी विसरणे होय. हानोईचा अनुभव आपणास हीच जाणीव करून देतो.