परिचारिकेची नोंद आणि मनोविकारांचे वर्गीकरण

मनोरुग्ण-परिचर्येवरील पाठ्यपुस्तक उघडले, तर आरंभीच्या काही प्रकरणांत ‘मनोविकारांचे वर्गीकरण’ या नावाचे प्रकरण बहुधा आढळतेच. त्याचा साचाही ठरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील पाचवा अध्याय समोर ठेवावयाचा, ‘एफ ००’ पासून ‘एफ ९९’ पर्यंतचे गट क्रमाने उतरवावयाचे, अमेरिकेतील मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेने काढलेल्या पुस्तिकेचा उल्लेख करावयाचा आणि पुढील प्रकरणास लागावयाचे. विद्यार्थिनी ही यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मग वॉर्डात जातात. हे वर्गीकरण मुळात कोणाच्या कामासाठी रचले गेले आणि परिचारिकेच्या हाती आल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न त्या प्रकरणात सहसा उद्भवत नाही. तो विचारावयाचा, तर गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुका हे त्यासाठी उचित स्थळ होय. कारण तेथे यादी आणि रुग्ण यांच्यामध्ये तीन-चार भाषा उभ्या आहेत.

सालेकसा हा जिल्ह्याच्या पूर्व कडेचा तालुका. एका अंगास छत्तीसगड, दुसऱ्या अंगास मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्हा. १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हापासून हा भाग गोंदियात मोडतो. गोंड समाजाची वस्ती येथे मोठी आहे. घरात गोंडी, शेजारी झाडीबोली, बाजारात हिंदी वा छत्तीसगडी, शाळेत व कचेरीत प्रमाण मराठी, असा व्यवहार एकाच माणसाच्या एका दिवसात घडू शकतो. यांपैकी गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे तीस लक्ष लोकांनी ती आपली भाषा म्हणून नोंदविली. झाडीबोली मराठीचीच, परंतु तीत ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो आणि शब्दसंग्रहही बराच निराळा आहे. पुण्याकडून वा नाशिककडून बदलून आलेल्या सिस्टरला तो प्रथम परका वाटल्यास नवल नाही.

गंभीर मनोरुग्णास येथून दूर न्यावयाचे, तर नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे पूर्वापार ठिकाण. ते १८६४ चे असून सालेकशापासून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने हे अंतर काहीसे घटले. तथापि रुग्णाविषयीचे पहिले वाक्य उच्चारले जाते ते या दोहोंच्या फार अलीकडे, आशाताईपाशी किंवा प्राथमिक केंद्रातील परिचारिकेपाशी. नातेवाईक म्हणतात, “बडबड करते, झोपत नाही, कोणाशी तरी बोलते.” या वाक्याचे पुढे काय होते, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

‘बडबड करते’ हा लोकभाषेतील एकच वर्ग आहे. वैद्यकाच्या यादीत तो किमान चार ठिकाणी विभागला जातो. ताप मेंदूत चढून माणूस बरळू लागला, तर ते ‘एफ ०५’ होय. पिणाऱ्या माणसाची मोहाची दारू एकाएकी सुटली आणि दोन-तीन दिवसांनी हातपाय कापू लागून त्याला नाही ते दिसू लागले, तर ती ‘एफ १०’मधील अवस्था. अतिउत्साहाने अखंड बोलणे ‘एफ ३०’मध्ये जाते, आणि कानी पडणाऱ्या आवाजांना उत्तरे देणे बहुधा ‘एफ २०’मध्ये. यांतील पहिल्या दोन अवस्थांत तासांचा हिशेब असतो, उरलेल्या दोहोंत आठवड्यांचा. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवतापाचा उपद्रव जुना आहे. मेंदूत गेलेला हिवताप वेळेवर ओळखला नाही, तर रुग्ण दगावतो. त्यास मनोरुग्ण ठरवून नागपूरची गाडी शोधत बसणे म्हणजे उपचारांची वेळ गमावणे होय. यादीच्या रचनेतच हा विवेक गोवलेला आहे. शरीरजन्य विकार सर्वांत आधी ठेवण्यात अर्थ असा की, पुढील कोणत्याही गटात जाण्यापूर्वी हा दरवाजा लावून घेतला पाहिजे. दुर्दैवाने पाठ्यपुस्तकात तो क्रम निव्वळ क्रमांक म्हणून येतो. ताप आहे काय, हे कधीपासून, रात्री वाढते काय, स्थळकाळाचे भान आहे काय, शेवटचे मद्यपान केव्हा झाले, हे प्रश्न ‘एफ ००’ ते ‘एफ १९’ या आकड्यांचेच मराठी रूप होत. पण ते तसे शिकविले जात नाहीत.

येथे मराठी परिभाषेने मदत करावयास हवी होती. तिने काही ठिकाणी अडचणच वाढविली आहे. ‘संभ्रम’ हा शब्द पाहावा. मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेत तो एखाद्या खोट्या पण अढळ समजुतीसाठी योजला जातो. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करीत आहेत, अशी रुग्णाची खात्री पटलेली असणे, हा संभ्रम. परंतु सामान्य मराठीत संभ्रम म्हणजे गोंधळ, काय करावे ते न सुचणे. वस्तुतः ज्याची समजूत अढळ आहे तो मुळीच संभ्रमात नसतो. इतरांहून तो अधिक निःशंक असतो. ‘रुग्ण संभ्रमित आहे’ अशी नोंद परिचारिकेने केली, तर वाचणाऱ्याने काय समजावे? गोंधळलेला असेल, तर रक्त तपासावयास हवे. अढळ समजुतीचा असेल, तर मनोरोगतज्ज्ञाकडे पाठवावयास हवे. एक शब्द दोन परस्परविरुद्ध वाटा दाखवितो, आणि त्यांतील एक वाट चुकल्यास प्राणाशी गाठ असते.

‘उन्माद’ या शब्दाचा इतिहास तर फारच बोलका आहे. चरकसंहितेत उन्माद हे एका मोठ्या वर्गाचे नाव असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वात, पित्त व कफ यांपासूनचे तीन, तिन्ही दोषांच्या संनिपाताचा एक आणि बाहेरून येणारा, म्हणजे आगंतु, एक. सुश्रुताने सहा प्रकार सांगितले. त्यांत मानसिक दुःखापासून होणारा व विषापासून होणारा, असे दोन निराळे मोजले. शोक आणि विष यांना कारण म्हणून स्वतंत्र स्थान देणारी ही मांडणी आजही दुर्लक्षिण्याजोगी नाही. आधुनिक परिभाषेने मात्र हा वर्गवाचक शब्द घेऊन एका उपप्रकारास, अतिउत्साहाच्या अवस्थेस, लावला. आणि वृत्तपत्रांनी तोच शब्द युद्धाच्या व जमावाच्या आवेशास दिला. ‘उदासीन’चीही तीच गत. हिंदीत ‘उदासी’ म्हणजे खिन्नता, तर मराठीत ‘उदासीनता’ म्हणजे आस्था नसणे. सालेकशासारख्या ठिकाणी दोन्ही भाषा एकाच खोलीत बोलल्या जातात. तेथे ‘उदासी’ सांगितली गेली आणि ‘उदासीन’ लिहिली गेली, तर दुःखाने पोखरलेला माणूस नोंदीत बेफिकीर ठरतो.

‘छिन्नमनस्कता’ या संज्ञेविषयी अधिक लिहिणे भाग आहे. स्विस मनोरोगतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘दुभंगणे’ व ‘मन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव घडविले. मराठी संज्ञा हा त्याचा शब्दशः अनुवाद. विचार, भावना व कृती यांचा आपसांतील मेळ सुटणे ही मूळ कल्पना. पण ‘छिन्न’ म्हटले की मराठी वाचकास तोडलेले, विस्कटलेले असेच काही दिसते, आणि त्यातूनच ‘एका देहात दोन माणसे’ हा गैरसमज पोसला जातो. जपानमध्येही अशीच अनुवादित संज्ञा होती; रुग्णांच्या कुटुंबीयांच्या आग्रहामुळे ती २००२ साली बदलण्यात आली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये तेच केले. मराठीत असा विचार व्हावयास हरकत नसावी. तूर्त सिस्टर व डॉक्टर दोघेही ‘स्किझोफ्रेनिया’ हाच शब्द वापरतात, आणि निरर्थक असल्यामुळेच तो ‘छिन्नमनस्कते’पेक्षा कमी इजा करतो. परिभाषाकारांना हे मानवणार नाही, पण ते खरे आहे.

शब्दांहूनही खोल जाणारी गोष्ट वाक्यरचनेची. मराठी माणूस ‘त्याला वेड लागले’ म्हणतो, ‘त्याला भास होतात’ म्हणतो. भूक लागते, तहान लागते, नजर लागते, तसेच वेड लागते. येथे माणूस कर्ता नसतो. त्याच्यावर काही तरी येऊन पडलेले असते, आणि जे लागते ते सुटूही शकते. अनुभव घेणाऱ्यास चतुर्थीत ठेवणारी ही रचना द्राविडी भाषांनाही परिचित आहे. याउलट ‘तो वेडा आहे’ या वाक्यात विकार माणसाशी एकरूप होतो. रुग्णालयाची भाषा नामांची असल्यामुळे ती नकळत या दुसऱ्या रचनेकडे ओढते. ‘छिन्नमनस्क रुग्ण’, ‘उन्मादी रुग्ण’, आणि अखेर वॉर्डात ‘तो स्किझोफ्रेनिया, खाट क्रमांक सात’. लोकभाषेचे व्याकरण येथे वैद्यकाच्या व्याकरणाहून अधिक दयाळू आहे, असे म्हणावे लागते. अर्थात तिचा शब्दसंग्रह तितकासा दयाळू नाही.

परिचर्याशास्त्राने या दोषावर एक उपाय शोधला होता. १९७३ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे परिचारिकांची परिषद भरली आणि परिचर्या-निदानांची स्वतंत्र यादी करण्याचा उद्योग सुरू झाला. रोगाचे नाव डॉक्टरने द्यावे. त्या रोगामुळे माणसाचे काय अडले आहे, याचे नाव परिचारिकेने द्यावे, अशी ती विभागणी. झोप मोडली आहे, स्वतःची निगा राखता येत नाही, लोकांपासून तुटला आहे, स्वतःस इजा करून घेण्याचा धोका आहे, ही ती निदाने. एकाच ‘एफ २०’च्या दोन रुग्णांत ती भिन्न असू शकतात, आणि ‘एफ २०’ व ‘एफ ३२’ यांच्या दोन रुग्णांत ती समान असू शकतात. तेव्हा हे वर्गीकरण पहिल्याची शाखा नव्हे. ते पहिल्यास आडवे छेदून जाते. पाठ्यपुस्तके हा मुद्दा गमावतात. ती दोन्ही याद्या निरनिराळ्या प्रकरणांत देतात, एकीचा दुसरीशी संबंध काय ते सांगत नाहीत, आणि परीक्षेत गुण मिळतात ते आकड्यांच्या यादीस. शिवाय परिचर्या-निदानांची भाषा इंग्रजीत फार कृत्रिम झाली आहे; तिचा मराठी अनुवाद करीत बसण्याचे कारणच नाही. ‘झोप मोडली आहे’ हे मराठीत आधीपासून आहे.

आता ‘अंगात येणे’. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांपाशी माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तेथे वा एखाद्या गावच्या देवकार्यात कोणाच्या अंगात आले, तर नवशिकी परिचारिका त्यास ‘एफ ४४’मधील झपाटल्याचा विकार म्हणून लिहून मोकळी होईल. पण त्याच कलमात अट आहे की, अवस्था इच्छेविरुद्ध व नकोशी असली पाहिजे आणि धार्मिक किंवा त्या समाजास मान्य असलेल्या प्रसंगाच्या बाहेर घडली पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीनेही ही अट राखली आहे. म्हणजे विकार कोणता हे ठरविण्यापूर्वी प्रसंग कोणता हे ठरवावे लागते, आणि ते जिनिव्हास ठरत नाही. ते गावच्या माणसास विचारावे लागते, त्याच्या भाषेत. देवाच्या नावाने आनंदाने डोलणारी म्हातारी आणि सासरी रात्री किंचाळत उठणारी, सकाळी काही न आठवणारी सून, या दोघींविषयी गावात ‘अंगात येते’ हे एकच वाक्य वापरले जाईल. त्यांना निरनिराळे करणारी माहिती त्या वाक्यात नसते, पुढच्या दोन प्रश्नांत असते. सुनेस भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण झाली, तर तेथे २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. तो श्रद्धेस हात लावीत नाही, कृत्यास लावतो. वर्गीकरण करणाऱ्यानेही हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजाराची जी व्याख्या केली, तीत विचार, मनःस्थिती, संवेदन, भान व स्मृती यांतील मोठ्या बिघाडाबरोबरच आयुष्यातील सामान्य गरजा भागविण्याची क्षमता ढासळणे हाही निकष आहे. समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणे एवढ्यावरून कोणास आजारी ठरविता येणार नाही, असेही तो कायदा सांगतो. ‘सामान्य गरजा’ हे शब्द कायद्यात कोरे आहेत. ते भरावे लागतात, आणि प्रत्येक मुलखात निराळे भरावे लागतात. सालेकशाकडे ते बांधीतल्या धानाने, मोहाच्या फुलांनी आणि तेंदूपत्त्याने भरलेले आहेत. चैत्रात पहाटे मोह वेचावयास जात होती, यंदा गेली नाही. पऱ्हे टाकले, पण रोवणीच्या वेळी बांधावर नुसती बसून राहिली. अशी दोन वाक्ये, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, तारखेसह नोंदीच्या आरंभी लिहिली, त्याखाली परिचारिकेने काय अडले आहे ते लिहिले आणि शेवटी डॉक्टरने आपला आकडा घातला, तर वाचणाऱ्यास आकडा चुकला आहे की काय, हे पडताळून पाहता येते. क्रम उलटा झाला, आकडा आधी पडला, म्हणजे खालची वाक्ये त्या आकड्यास जुळतील अशीच लिहिली जातात, आणि रोवणीची ती बाई नोंदीतून नाहीशी होते.