तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या आणि मूळ पाठ

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली म्हणजे मजकुराआधी तिची प्रस्तावना पाहावी, असा अभ्यासकांचा परिपाठ आहे. संपादकाने कोणती पोथी प्रमाण मानली, पाठभेद कोठे नोंदले, पदरचे काय घातले, हे कळल्यावाचून त्या आवृत्तीवर विश्वास टाकता येत नाही. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपली ओवी मिसळू नये असे त्यांनी बजावून ठेवले. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली, तीत गाळलेल्या पाठांचीही नोंद वाचकांस मिळते. ग्रंथांच्या बाबतीत जी दक्षता आपण गृहीत धरतो, ती संगीताच्या तबकड्यांच्या बाबतीत मात्र फारसे कोणी मागत नाही. आज ती मागण्याची वेळ आली आहे.

मोडीत निघालेली विनाइलची तबकडी गेल्या काही वर्षांत पुन्हा बाजारात आली. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. असे १९८६ नंतर प्रथमच घडले. २०२२ साली संख्येनेही तबकडी पुढे गेली : ४ कोटी १० लाख तबकड्यांस ३ कोटी ३० लाख सीडी. ह्या लाटेबरोबर १९७० च्या सुमाराचे दोन संगीतप्रकार नव्या वेष्टनात परतले आहेत. एक, इंग्लंडमधील तरुण वादकांनी रॉक संगीतास दीर्घ व गुंतागुंतीची रचना देऊन घडविलेला प्रोग्रेसिव्ह रॉक; दुसरा, जॅझच्या उत्स्फूर्त वादनास विजेच्या वाद्यांची जोड देणारा जॅझ फ्यूजन. ह्या दुसऱ्याशी आपलेही नाते आहे. ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ काढणारे जॉन मॅक्लॉफ्लिन पुढे ‘शक्ती’ ह्या संचात मुंबईच्या झाकीर हुसेन ह्यांच्या तबल्यासमवेत वाजवू लागले, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

ह्या दोन्ही प्रकारांत तबकडी ही केवळ साठवणीची वस्तू नव्हती. ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डीने आपल्या गवयांना तीन मिनिटांत राग मांडावयास लावले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने आणलेल्या दीर्घ तबकडीने एका बाजूस वीसेक मिनिटे दिली, आणि ह्या वादकांनी ती मर्यादा हाच आपला छंद मानला. ‘येस’ ह्या संचाची १९७२ सालची ‘क्लोज टू द एज’ ही रचना सुमारे एकोणीस मिनिटे चालते आणि एक संपूर्ण बाजू व्यापते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ काढली. गायक जॉन अँडरसन ह्यांनी परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एक तळटीप वाचली. तीत शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र असे चार भाग सांगितले होते. त्यांनी चार बाजूंवर चार रचना करून टाकल्या! सनातन शास्त्रांस प्रत्येकी वीस मिनिटे वाट्यास आली, हे ऐकून आपल्याकडील शास्त्रीबोवा काय म्हणाले असते, ते सोडून देऊ. पण बाजू संपणे, उठून तबकडी उलटणे आणि त्या अवधीतील शांतता ही ह्या रचनांची यतिस्थाने आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अधिक स्पष्ट ध्वनीसाठी ४५ फेऱ्यांवर जी नवी पुनर्मुद्रणे निघतात, त्यांत एका बाजूस फार तर बारा-पंधरा मिनिटे सुखाने मावतात. तेथे बाजूभर लांबीच्या रचनेचा एक तर मध्येच छेद होतो, नाही तर ती दाटीवाटीने कोंबावी लागते. ध्वनी सुधारला, पण छंदोभंग झाला.

आता ह्याच संचाच्या २०१८ साली निघालेल्या पेटीकडे पाहू. १९७१ ते १९७४ मधील पाच संग्रह तीत सहा तबकड्यांवर दिले आहेत. परंतु ऐकू येतो तो मूळ पाठ नव्हे. स्टीव्हन विल्सन ह्या इंग्रज संगीतकाराने मूळ बहुपदरी फितींवरून, म्हणजे प्रत्येक वाद्य जेथे वेगळे नोंदलेले असते तेथून, सर्व ध्वनिमिश्रण पुन्हा केले आहे. वेष्टनांवरील चित्रेही रॉजर डीन ह्यांनी नव्याने काढली. म्हणजे ध्वनीही नवा आणि मुखपृष्ठही नवे. विल्सन ह्यांचे काम हलक्या हाताचे नाही. ख्रिस स्क्वायर ह्यांचा बास गिटार पूर्वी गर्दीत हरवत असे, तो आता रेखीव उठून येतो. एकावर एक रचलेले कंठस्वर निरनिराळे ओळखता येतात. तथापि आमच्या मते मूळ मिश्रणातील जी घनता होती, तंत्रज्ञ एडी ऑफर्ड व वादक ह्यांनी मिळून बांधलेला जो काहीसा कोंदट पण तापलेला नाद होता, तो येथे निवळला आहे. ही टीका आहे, तक्रार नव्हे. कारण पेटीच्या नावातच विल्सन ह्यांचे नाव आहे. भाष्यकाराने आपले नाव लावून भाष्य प्रसिद्ध केले तर त्यास कोण दोष देईल? विल्सन ह्यांनीच २००९ साली ‘किंग क्रिमसन’च्या पहिल्या संग्रहाचे नवे मिश्रण केले, तेव्हा सोबतच्या डीव्हीडीवर १९६९ चे मिश्रणही होते. संपादनाची हीच रीत आम्हांस श्रेयस्कर वाटते. २०१८ च्या पेटीत ती पाळली गेली नाही, आणि आज प्रथमच हे संगीत ऐकू पाहणारा विद्यार्थी भाष्यालाच मूळ समजून बसण्याचा संभव त्यामुळे उत्पन्न झाला.

जॅझ फ्यूजनमध्ये प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे कात्री हेच एक वाद्य होते. माइल्स डेव्हिस ह्यांच्या ‘बिचेस ब्रू’चे वादन ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्कात तीन दिवसांत झाले, पण १९७० साली प्रसिद्ध झालेली जोडतबकडी निर्माते टिओ मसेरो ह्यांच्या मेजावर घडली. ‘फॅरोज डान्स’ ही पहिल्या बाजूची वीस मिनिटांची रचना त्यांनी फितीचे तुकडे कापून, काही पुन्हा पुन्हा जोडून तयार केली. १९९८ साली संपूर्ण सत्रांचा संच काढताना संपादकांनी आठपदरी फितींवरून मिश्रण नव्याने केले, आणि मसेरोंचे सगळे सांधे त्यांना पुन्हा जुळवावे लागले. कवीची कविता दुसऱ्याने हस्ताक्षरासह गिरविण्यासारखा हा प्रकार. नक्कल कितीही हुबेहूब असो, लेखणी उचलली कोठे हे तीत दिसत नाही.

येथवर निदान सर्व काही उघड आहे. खरा प्रश्न मौनाचा आहे. कॅलिफोर्नियातील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी मूळ फितीवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध. तिच्या वेष्टनांवरील भाषेवरून ग्राहकांचा समज असा झाला होता की, फीत ते तबकडी ह्या प्रवासात संगणकाचा स्पर्श कोठेही होत नाही. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्याच तंत्रज्ञांनी एका मुलाखतीत मान्य केले की, २०११ पासून अनेक तबकड्यांच्या निर्मितीत अंकीय नक्कल वापरली जात होती. दावे झाले, आणि पुढे सुमारे अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली. ह्या प्रकरणात आम्हांस विशेष मौज वाटते ती अशी की, त्या तबकड्यांच्या ‘शुद्ध’ नादाची वाखाणणी करणाऱ्या चोखंदळ श्रोत्यांपैकी बहुतेकांस तोवर अंकीय पायरीची शंकाही आली नव्हती. म्हणजे अंकीय नक्कल वाईट होती असे सिद्ध झाले नाही. उलट ती उत्तम होती असे म्हणावे लागेल. दोष प्रस्तावना न छापण्याचा होता. पोथीवरून छापले असे भासवून छापील प्रतीवरून छापणाऱ्या ग्रंथप्रकाशकास आपण काय म्हणतो, तेच येथे म्हणावयाचे.

मूळ म्हणजे तरी काय, ह्याचे उत्तर नेहमी सोपे नसते. माइल्स डेव्हिस ह्यांचाच फ्यूजनपूर्व काळातील ‘काइंड ऑफ ब्लू’ हा संग्रह घ्या. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य यंत्र किंचित सावकाश चालले, म्हणून तबकडीच्या पहिल्या बाजूचे तीनही तुकडे थोडे चढ्या स्वरात वाजत राहिले. दुसऱ्या यंत्रावरील फितीच्या आधारे १९९२ साली ही चूक दुरुस्त झाली. तीस-बत्तीस वर्षे जगभरचे वादक मात्र त्या चढ्या स्वराशीच आपली वाद्ये जुळवून शिकले. वाजविले ते प्रमाण, की ऐकले ते? सुकथनकरांच्या पंक्तीतील संपादक असता तर त्याने एक पाठ वर घेऊन दुसरा तळाशी छापला असता. तबकडीस तळटीप नसते हे खरे. पण वेष्टनास मागची बाजू असते. कोणती फीत, कोणत्या साली, कोणाच्या हातून, मध्ये अंकीय पायरी आहे की नाही, मिश्रण जुने की नवे, एवढ्या चार ओळी तेथे सहज मावतील. काही थोडे प्रकाशक त्या आता छापूही लागले आहेत. त्या जोवर सर्वत्र येत नाहीत, तोवर ज्यांच्या घरी ह्या संग्रहांच्या जुन्या प्रती असतील त्यांनी, त्या कितीही खरखरत असल्या तरी, नव्या पेटीच्या मोहाने रद्दीवाल्याकडे देऊ नयेत.