‘मायावी’ : दोन संगणकभाषांच्या सांध्याची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीय संशोधनास लागणारे सर्व गुण एकाच भाषेत सहसा आढळत नाहीत. सी प्लस प्लस वेगवान, परंतु किचकट. पायथन सुलभ, परंतु मोठ्या आकडेमोडीत मंद. म्हणून दोन्ही भाषांतील लायब्ररी, म्हणजेच तयार आज्ञावलींचे संच, एकाच उपयोजनात जोडले जातात. या जोडणीचा विचार बहुधा सोयीपुरताच होतो. तिची खरी कसोटी मात्र सांध्यावर लागते.

विवेचन :
वैज्ञानिक माहितीचे त्रिमितीय चित्रण करणारी ‘मायावी’ ही मुक्त आज्ञावली या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आयआयटी, मुंबई येथील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे तिचे मूळ कर्ते. गाएल वारोको यांच्यासह त्यांनी २०११ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. चित्रणाचे मूळ काम ‘व्हीटीके’ ही सी प्लस प्लसमधील लायब्ररी करते; वापरकर्ता पायथनमध्ये लिहितो.

व्हीटीकेला पायथनचे आवरण पूर्वीपासून होतेच, पण त्यात शैली सी प्लस प्लसचीच राहिली. गोलाची त्रिज्या ठरविण्यासही ‘सेटरेडियस’ ही स्वतंत्र क्रिया वापरावी लागे. मायावीच्या ‘टीव्हीटीके’ या थरात ‘रेडियस’ला थेट मूल्य देता येते. शब्दशः भाषांतर आणि रूपांतर यांतील फरक तो हाच.

अधिक गंभीर प्रश्न स्मृतीच्या मालकीचा आहे. पायथनमधील संख्यांचा ॲरे शक्य तेथे नक्कल न करता व्हीटीकेला दिला जातो. पायथनने तो नष्ट केल्यास व्हीटीके रिकाम्या झालेल्या जागेतून वाचू लागेल. म्हणून टीव्हीटीके त्या ॲरेची नोंद स्वतःजवळ जपून ठेवते. संख्याप्रकार जुळले नाहीत, तर मात्र नक्कल करावीच लागते आणि वेळ व स्मृती दोन्ही खर्ची पडतात.

मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत. सी प्लस प्लसच्या बाजूस स्मृतीचा दोष घडल्यास पायथनसह संपूर्ण उपयोजन बंद पडू शकते. चूक कोणत्या ओळीत, हेही विद्यार्थ्यास कळत नाही. शिवाय पायथनच्या आवृत्तीशी जुळणारी व्हीटीके नसेल, तर मायावी चालतच नाही.

निष्कर्ष :
दिंद्रुडसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयास अशी मुक्त साधने विनामूल्य मिळतात, ही मोठीच संधी होय. परंतु भाषा स्वतंत्र विषय म्हणून शिकवून भागणार नाही. स्मृतीची मालकी कोणाची, नक्कल कोठे होते आणि दोष कोणत्या बाजूचा, हे तीन प्रश्न प्रात्यक्षिकात आले, तरच विद्यार्थी साधनाचा केवळ ग्राहक न राहता जाणकार होईल.